मधोमध उभे केलेले मूल

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाच्या आरंभी शिष्य येशूकडे जो प्रश्न घेऊन येतात, तो वरवर पाहता स्वर्गाविषयीचा असला तरी मुळात मानपानाचा आहे. स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. येशू कोणाचेही नाव घेत नाही. तो एका मुलाला जवळ बोलावतो, त्याला सर्वांच्या मधोमध उभे करतो आणि तुम्ही पालटून मुलांसारखे झाला नाहीत तर मोठेपण दूरच, त्या राज्यात तुमचा प्रवेशही होणार नाही, अशा अर्थाचे कठोर बोल शिष्यांना ऐकवतो. ख्रिस्ती जीवनातील नम्र, बालसुलभ श्रद्धेविषयी पुढे जे काही लिहिले व बोलले गेले त्याचा उगम या प्रसंगात आहे, आणि या श्रद्धेचा जो विपर्यास वारंवार झाला त्याचेही मूळ हा प्रसंग अर्धाच वाचण्यात आहे.

मुलासारखे व्हा म्हणजे निष्पाप व्हा, असा अर्थ सहसा लावला जातो. परंतु मुले निष्पाप नसतात, ती भांडतात, हट्ट करतात, खोटेही बोलतात, आणि हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या गालीलातील आईबापांनाही चांगलेच ठाऊक होते. त्या काळच्या समाजात मुलाचे खरे वैशिष्ट्य निराळे होते. त्याच्या शब्दाला वजन नव्हते, त्याच्या नावावर काही नव्हते, आणि त्याला दिलेल्या वस्तूची परतफेड करण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. जे मिळेल ते त्याला घ्यावेच लागे आणि ते आपण कमावले असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. लूकने आपल्या शुभवर्तमानात मुलांना येशूकडे आणल्याचा प्रसंग कोठे ठेवला आहे, हे पाहिले म्हणजे हा अर्थ अधिक स्पष्ट होतो. त्याच्या आधी परूशी व जकातदार यांचा दाखला येतो, ज्यात धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा परूशी देवापुढे आपल्या पुण्याची यादी वाचतो आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय झालेला जकातदार नुसती दया मागतो. त्याच्या नंतर एक श्रीमंत अधिकारी येतो, जो सर्व आज्ञा पाळूनही आपली संपत्ती सोडू न शकल्याने खिन्न होतो. भरलेल्या हातांच्या या दोन माणसांमध्ये रिकाम्या हातांची मुले येतात. बालसुलभ श्रद्धा म्हणजे देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहण्याची तयारी, अशी तिची व्याख्या या मांडणीतून निघते.

मराठी मनाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण देवापाशी लहानपण मागण्याची परंपरा या भाषेत तुकोबांनी रुजवली आहे, आणि वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलेला बाल नामदेव विठ्ठलाने तो खरोखरच खावा म्हणून हटून बसतो, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. नामदेवाच्या त्या हट्टात तत्त्वज्ञान नाही. समोर असलेला देव जेवेल, एवढी सरळ अपेक्षा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो अशा आशयाची कबुली दिली होती, ती या भूमीचा विचार केला म्हणजे नीट उमगते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या, संस्कृतात व्युत्पन्न असलेल्या या कवीला १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे नम्र, शोकग्रस्त व शांती करणाऱ्या माणसांना धन्य म्हणणाऱ्या येशूच्या उपदेशाने, त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मराठी वाचकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले. या बिरुदाचा आणि त्यांच्या श्रद्धेचा संबंध केवळ विषयापुरता नाही. माणसाने देवाकडे पाहावे कसे, याचे उत्तर ते मुलाच्या नजरेत शोधत होते, आणि म्हणूनच त्यांची ख्रिस्ती अभंगरचना सिद्धान्तांची मांडणी न होता आईबापाशी केलेल्या बोलण्यासारखी वाटते.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतील दलित जातींतून आला. त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे पोटापाण्यासाठी मुंबईत आली आणि कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप या मध्य रेल्वेच्या पट्ट्यातील चाळींत व वस्त्यांत स्थिरावली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून, देवळापासून आणि अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांना तुम्ही लहान व्हा असे व्यासपीठावरून सांगणे म्हणजे काय? घाटकोपरला तर या प्रश्नाची धार अधिकच जाणवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर ११ जुलै १९९७ रोजी येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मृत्युमुखी पडली. समाज कोणाला लहान लेखतो आणि त्या लेखण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या उपनगराने डोळ्यांनी पाहिले आहे. अशा ठिकाणी नम्रतेचा उपदेश जपूनच करायला हवा, कारण लादलेले लहानपण आणि स्वीकारलेले लहानपण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मत्तयाचा प्रसंग पूर्ण वाचला की या अडचणीचे उत्तर त्यातच सापडते. लहान होण्याची आज्ञा मोठेपणासाठी धडपडणाऱ्या शिष्यांना आहे. मुलाला ती दिलेली नाही. मुलाला येशू आणखी खाली वाकायला सांगत नाही. तो त्याला मधोमध उभे करतो, अशा एकाला माझ्या नावाने स्वीकारणारा मला स्वीकारतो असे सांगतो, आणि या लहानांपैकी एकालाही अडखळवणाऱ्याला गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेले बरे, इतक्या कडक शब्दांत इशारा देतो. म्हणजे एकाच कृतीत दोन गोष्टी घडतात: मोठ्यांना खाली उतरवले जाते आणि लहानांना मध्यभागी आणले जाते. यांतील पहिली बाजू तेवढी शिकवून दुसरी विसरली गेली की नम्रतेची शिकवण सत्ताधाऱ्यांच्या हातातील साधन होते, मग ते सत्ताधारी घरातले असोत, पंचायतीतले असोत वा चर्चमधले असोत.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात या दोन्ही बाजू एकत्र पाहायला मिळतात. आईपाशी संस्कृत शिकलेल्या, भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांकडून पंडिता व सरस्वती या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, एका अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना, आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तेथील त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा अशी की नवदीक्षित बाईने चर्चची शिकवण निमूटपणे मान्य करावी. रमाबाई मात्र त्रैक्याच्या सिद्धान्तावर, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असून एकच देव आहेत या मतावर, पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या, आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून आलेली मी तसलेच दुसरे जोखड आपणहून मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. ही उद्धट बाई आहे, हिच्यात नम्रता नाही, असे तेव्हा काहींना वाटले असणार. परंतु मुलासारखी श्रद्धा म्हणजे मुकी श्रद्धा नव्हे. मूल तर मोठ्यांना नकोसे होईपर्यंत प्रश्न विचारते, आणि ते विचारते याचे कारण ऐकणाऱ्यावर त्याचा भरवसा असतो. ज्याच्याविषयी भय वाटते त्याच्यापुढे माणूस गप्प बसतो.

याच रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या वाटचालीच्या आत्मनिवेदनात, जे सांगितले आहे ते विद्वान वाचकाला विचारात पाडणारे आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. धर्माची मते बुद्धीला पटली होती, ग्रंथ वाचून झाले होते, शारदा सदनासारखी विधवांची शाळा १८८९ साली मुंबईत सुरू करून पुढे पुण्याला नेली होती. तरी अंतःकरणाला विसावा नव्हता. जे सर्व मिळवून झाले होते त्याच्या जोरावर देवाजवळ जाता येत नाही, ते त्याच्याकडून नुसते घ्यावे लागते, हे उमगल्यावरच त्यांना शांती लाभली. कोणापुढेही मान न तुकवणारी ही स्त्री देवापुढे मूल झाली, आणि त्यानंतर तिच्या कामाला आलेला वेग थक्क करणारा आहे. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांत शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आल्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी जे शेवटचे मोठे काम हाती घेतले ते बायबलच्या भाषांतराचे. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा त्या त्यासाठी शिकल्या. परंतु एवढी विद्वत्ता त्यांनी खर्च केली ती खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल असे सोपे मराठी लिहिण्यासाठी, आणि मुक्ती सदनाच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे त्याच आश्रमातल्या मुलींनी व बायकांनी केली. हे संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर पडले. ज्यांना वाचण्याचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या बोटांनी जुळवलेला देवाचा शब्द हे लहानांना मध्यभागी आणण्याचे मराठी ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) वाट याहून वेगळी होती, कारण त्यांच्यापाशी सोडून देण्यासाठी पांडित्य नव्हते. होते ते सोवळे. पतीने, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, धर्मांतर केल्यावर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे परतल्या, तरी आपला वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी त्यांनी सोडले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी वर्णन केलेला पालट कोणा धर्मोपदेशकाच्या युक्तिवादातून आलेला नाही. देवाने माणसे निर्माण केली, मग जाती कोणी केल्या, असा अगदी मुलाच्या तोंडी शोभणारा प्रश्न त्यांच्या मनात उठला, त्याचे उत्तर त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे दिले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करून त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. म्हणजे जातीचे मोठेपण आधी उतरले आणि ख्रिस्ती दीक्षा मागाहून आली. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’, म्हणजे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, पुढे नेण्याचे काम या औपचारिक शिक्षण न मिळालेल्या बाईंनी अंगावर घेतले आणि पतीने लिहिलेल्या मोजक्या अध्यायांपुढे कित्येक अध्यायांची भर घातली. आपल्याला हे जमेल का, या शंकेत त्या अडकून पडल्या नाहीत, कारण स्वतःच्या योग्यतेचा हिशेब मांडत बसणे हा मोठ्यांचा छंद आहे.

स्वतः टिळकांनीही आयुष्याच्या अखेरीस अशीच पायउतार वाट धरली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. पगार, पद आणि संस्थेची सावली सोडून उतारवयात परमेश्वराच्या भरवशावर बाहेर पडणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते, आणि दोन वर्षांतच ९ मे १९१९ रोजी त्यांचा मृत्यू झाल्याने तो दरबार फार वाढूही शकला नाही. तरीही मराठी ख्रिस्ती मंडळींत आज टाळ-मृदंगावर जी भजने-कीर्तने होतात त्यांच्यामागे टिळकांची हीच निर्भय वृत्ती उभी आहे.

मराठी उदाहरणांच्या बरोबरीने फ्रान्समधील लिझ्यू गावच्या संत तेरेझाचाही विचार करणे उपयोगी ठरते. १८७३ साली जन्मलेली आणि अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारलेली ही कार्मेल मठातील भगिनी. तिने सांगितलेला ‘लहान मार्ग’ म्हणजे मोठी तपश्चर्या किंवा चमत्कार यांच्या मागे न लागता रोजची क्षुल्लक कामे प्रेमाने करणे आणि आपल्या उणिवांसह देवाच्या हाती स्वतःला सोपवणे. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ‘चर्चची आचार्या’ ही पदवी दिली, जी कॅथलिक परंपरेत सबंध चर्चला शिकवण देणाऱ्या थोर विद्वान संतांना दिली जाते. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या तरुणीला महान धर्मपंडितांच्या ओळीत बसवण्यात चर्चने मत्तयाच्या त्या प्रसंगाचीच आठवण ठेवली.

मुंबईच्या उपनगरांतील भाविकांना या श्रद्धेचे जवळचे रूप नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात भेटते. दरवर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेला मुंबईहून रेल्वेने, एसटीने आणि भाड्याच्या गाड्यांनी माणसे लोटतात, आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. ज्या मूर्तीवरून ही भक्ती जगभर पसरली ती प्राग शहरातली, १६२८ साली तेथील कार्मेलपंथी मठाला मिळालेली, जेमतेम दीड फुटांची बालमूर्ती. सर्वशक्तिमान देव मूल होऊन येतो, या ख्रिस्ती विश्वासाच्या केंद्रस्थानी असलेल्या गोष्टीपुढे भाविक येथे हात जोडतो. मात्र यात्रेच्या गर्दीत एक मोहही असतो. मागणे हा मुलाचा हक्क आहे, सौदा करणे हा नाही. अमुक झाले तर तमुक देईन, असे म्हणणारा भक्त नकळत परूशाच्या बाजूला जाऊन उभा राहतो, कारण त्याच्या हातात पुन्हा देण्याघेण्याचे काहीतरी आलेले असते. नवसामागची व्याकुळता खरी असते आणि तिची अवहेलना कोणी करू नये. तरी ती व्याकुळता सौद्यात न अडकता भरवशापर्यंत पोहोचावी, ही शिकवण देण्याची जबाबदारी धर्मगुरूंची आहे.

हा भरवसा प्रत्यक्षात कसा दिसतो, हे घाटकोपर पश्चिमेच्या भटवाडी-असल्फा भागातल्या एखाद्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, पाहता येते. दहा बाय बाराच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला टेकवलेली असते, सतरंजीवर पंधरा-वीस माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसतात, चपलांचा ढीग दाराबाहेरच्या बोळात असतो, आणि ढोलकीच्या ठेक्यात शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मिसळत असतात. गीते झाल्यावर पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रार्थनेचे विषय विचारतात. मोठी माणसे आधी प्रस्तावना करतात, देवाच्या उपकारांची उजळणी करतात, आपल्या अपात्रतेविषयी दोन वाक्ये बोलतात आणि मग चाचरत नोकरीचे, आजारपणाचे, खोलीच्या कागदपत्रांचे सांगतात. पुढे बसलेले एखादे मूल मात्र आजीचा खोकला थांबू दे, पप्पांना दारू सोडू दे, असे एका दमात बोलते, आमेन म्हणते आणि चहाबरोबरच्या खारीकडे लक्ष वळवते. त्या खोलीत घरातले गुपित उघडे पडते म्हणून आईची मान खाली जाते. पण सबंध सभेत देवाशी सर्वांत खरे बोललेले वाक्य बहुधा तेच असते. मुलाने आपली पात्रता सिद्ध केलेली नाही, घराची अब्रू सांभाळलेली नाही आणि उत्तर मिळेल की नाही याचा अंदाजही बांधलेला नाही. मोठ्यांना जे नव्याने शिकायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते अवघड आहे.

उत्तर नेहमी मागितल्यासारखे मिळत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. रमाबाईंची एकुलती एक मुलगी आणि कामातील उजवा हात असलेली मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी त्या आघातानंतर भाषांतराचे काम सोडले नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही डोळे मिटले. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती पित्याला केली आणि तो टळला नाही. तेव्हा बालसुलभ श्रद्धा म्हणजे सगळे मनासारखे होईल अशी खात्री नव्हे. मनासारखे न झाल्यावरही त्याच पित्याशी बोलत राहण्याचे धैर्य आहे. जे प्रचारक पुरेसा विश्वास असता तर रोग बरा झाला असता असे आजारी माणसाला ऐकवतात, ते त्याच्या दुःखावर अपराधाचे ओझे लादतात आणि लहानांना अडखळवण्याविषयीचा येशूचा इशारा स्वतःवर ओढवून घेतात. संत पौलानेही करिंथ येथील मंडळीला बजावले होते की दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे असा, पण समजुतीच्या बाबतीत प्रौढ व्हा. श्रद्धेच्या नावाखाली वैद्याकडे न जाणे, हिशेब न विचारणे, अन्याय सोसत राहणे यांतील कशालाही शुभवर्तमानाचा आधार नाही.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. नम्रतेची कसोटी माणूस देवापुढे किती वाकतो यावर होत नाही, कारण तेथे वाकणे सोपे असते. ती त्याच्याहून लहान लेखल्या जाणाऱ्या माणसाला तो कोठे बसवतो यावर होते. घाटकोपरमध्ये काय किंवा अन्यत्र काय, प्रत्येक मंडळीने आपल्याला हे विचारावे की सभेत मुलांना बोलू दिले जाते की केवळ पाठ केलेली वचने म्हणवून खाली बसवले जाते. पंचकमिटीत बायकांचा शब्द मोजला जातो की चहाच्या वेळीच त्यांची आठवण होते. नव्याने आलेल्या गरीब कुटुंबाला पुढच्या रांगेत जागा मिळते की दारापाशी. आणि मंडळीतही जात विचारून सोयरीक जुळवली जाते की नाही. या प्रश्नांची उत्तरे बदलली तर बालसुलभ श्रद्धेवर वेगळे प्रवचन देण्याची गरज उरणार नाही. ज्यांना मोठे म्हटले जाते त्यांनी आपणहून मागे सरकावे आणि लहानाला मधोमध जागा करून द्यावी. ख्रिस्ताने शिष्यांना सांगितलेले काम हेच आहे.